दुसऱ्या गटातला हिवाळा

हुरड्याचं बोलावणं या वर्षीही आलं. आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सरांचं शेत घाटनांदूरच्या रस्त्याला आहे. ज्वारीची कणसं दुधात आली की ते स्टाफरूममध्ये येऊन एकेकाला नावानिशी सांगतात, "रविवारी यायचं बरं का. गुळभेंडीचा हुरडा हाय." मी म्हणते, सर, सर्दी झालीय, धूर सोसत नाही. सलग चौथ्या वर्षी मी हेच सांगितलं. सर बिचारे दर वेळी विश्वास ठेवतात आणि सोमवारी डब्यात तीळ-खोबऱ्याच्या चटणीबरोबर मूठभर हुरडा आणून देतात. तो मी शिपायाला देऊन टाकते.

मला सर्दी झालेली नसते. आगटीतून गोवऱ्यांचा धूर निघतो, त्यात कोवळी कणसं चरचरतात, तो वास नाकात गेला की मला एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी कशी वागले ते आठवतं.

अंबाजोगाई डोंगरावरचं गाव आहे. थंडी इथं बीडच्या आधी येते आणि जाताना रेंगाळते. सकाळी रिक्षावाले मफलर गुंडाळून हँडलवर वाकलेले असतात, शाळेत जाणाऱ्या पोरींच्या वेण्यांवर कानटोप्या चढतात, दवाखान्याच्या फाटकाबाहेर गावाकडून आलेले नातेवाईक उन्हाची पट्टी जिथं सरकेल तिथं आपली बोचकी सरकवत बसतात. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले. पण बोचकं घेऊन बसलेल्यांपैकी कोण संध्याकाळी घरी जाणार आहे आणि कोणाला जायला घरच नाही, हे ओळखायला मला दिलीपरावांनी शिकवलं.

दिलीपराव एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं त्यांनी शेवटच्या मुक्कामी गाड्या केल्या. गाडी रिकामी झाली तरी स्टँडवर कोण उरतं हे त्यांना माहीत होतं. निवृत्त झाल्यावर चार मित्रांना धरून त्यांनी एक लहानशी संस्था काढली, पुण्याच्या काही मंडळींकडून मदत मिळवली आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या कामगारांसाठी बांधलेल्या अकरा खोल्या भाड्यानं घेतल्या. या खोल्यांना अट नव्हती. आधार कार्ड दाखवा, दारू सोडा, आठच्या आत या, कुत्रं बाहेर बांधा, सकाळी प्रार्थनेला बसा, यातलं काही नाही. माणूस आला की त्याच्या हातात किल्ली द्यायची. दवाखाना, कागदपत्रं, कामधंदा हे सगळं नंतर, त्यानं मागितलं तर.

मी समाजकार्य शिकवते. मला हे भाबडं वाटलं. मी त्यांना तसं म्हणालेही. "दिलीपराव, पिणाऱ्याला खोली दिली तर तो पिणं कशाला सोडेल?"

ते म्हणाले, "मॅडम, सोडल्यावर खोली देतो म्हणलं, तर तोवर त्यानं झोपायचं कुठं? फुटपाथवर झोपून कुणाची दारू सुटलेली तुमी बघितलीय का?"

मी बघितली नव्हती.

पुण्याच्या मंडळींना पुरावा हवा होता. ही पद्धत खरंच चालते का, हे बाहेरच्या कुणीतरी तपासून लिहून द्यावं, मग आणखी गावांत खोल्या घेऊ, असं त्यांचं म्हणणं. दिलीपराव माझ्याकडे आले. मला फार आनंद झाला. माझ्या वाट्याला असं काम कधी आलं नव्हतं. विद्यार्थ्यांचे तेच ते प्रकल्प तपासून मी कंटाळले होते. मी रात्रंदिवस बसून आराखडा केला. खोली मिळालेल्यांचा एक गट आणि खोली न मिळालेल्यांचा दुसरा. दर महिन्याला दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारायचे आणि फेब्रुवारीअखेर तुलना करायची. खोल्या अकरा आणि गरजू त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवू, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी जिनिंगच्या आवारात सगळे जमले. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या आणि काढणारा हात माझा होता. अकराव्या चिठ्ठीनंतर मी डब्याला झाकण लावलं. मागं बसलेली एक बाई उठून पुढे आली. पन्नाशी उलटलेली, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. म्हणाली, "माझं न्हाई निघालं ना? बरं. मग मी जाऊ का? देवळाम्होरं बसायचा टाईम झाला माझा."

त्या गिरजाबाई.

त्या देवीच्या देवळासमोर वाती विकायच्या. मांडीवर जुन्या धोतराचा तुकडा, शेजारी कापसाची पिशवी, बोटाला किंचित राख लावून तळहातावर असा काही वळसा द्यायच्या की पापणी लवायच्या आत वात तयार. सगळ्या एका लांबीच्या. मी एकदा करून बघितली, तर माझी वात मध्येच फुगली. त्या हसल्या. "बाई, तुमचा हात लिहिणारा हाय. ह्याला मऊ हात लागतो."

केज तालुक्यातल्या एका खेड्यातून त्या नवऱ्याला घेऊन इथल्या दवाखान्यात आल्या होत्या. चार महिने तो अंथरुणावर होता, मग गेला. दीर मातीला आले आणि वहिनीला न घेताच परत गेले. "मी एसटीत बसून गावाकडं गेलते एकदा," त्या सांगायच्या. "जाऊ म्हणली, आता इथं तुमचं काय हाय? मी बी म्हणलं, खरंच काय हाय. पानी पिऊन माघारी आले." तेव्हापासून त्या स्टँडजवळच्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर झोपत. गावात एक निवारा होता, पण तिथं ओळखपत्र लागे आणि त्यांचे सगळे कागद दिराच्या पेटीत. शिवाय आठला दार बंद होई. त्यांच्या वाती खपायच्या त्या रात्री शेजारतीला येणाऱ्या लोकांत.

दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझी कागदांची फाईल घेऊन त्यांच्याकडे जायची. प्रश्न ठरलेले. गेल्या तीस दिवसांत किती रात्री उघड्यावर झोपलात? "समद्या." पोटभर जेवण किती दिवस? त्या बोटं मोजायच्या. दिवसातल्या कोणत्या वेळी सर्वांत सुरक्षित वाटतं? हा प्रश्न मी स्वतः घातला होता, मला त्याचा अभिमान होता. गिरजाबाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "दुपारी. उन्हाचं. तवा मी समद्यास्नी दिसती."

हे उत्तर मी जसंच्या तसं लिहून घेतलं. घरी येऊन त्याच्याखाली लाल रेघ मारली. अहवालात चांगलं दिसेल असं मला वाटलं होतं.

एकदा त्यांनी विचारलंही, "दर म्हैन्याला कावून तेच इचारता बाई? माझं काय बदलतंय?" मी समजावून सांगितलं की दोन गटांची तुलना आहे, यातून पुढे पुष्कळ लोकांना खोल्या मिळतील. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या गटातल्यांना काही द्यायचं नाही असा माझाच नियम होता. शाल दिली, चादर दिली, तर तुलना बिघडते. चहा चालत होता. टपरीवरून दोन कप आणायची, ओट्यावर त्यांच्याशेजारी बसायची. त्या कप दोन्ही हातांत धरून आधी ऊब घ्यायच्या, मग प्यायच्या.

इकडे पहिल्या गटात जे घडत होतं त्यानं मी चकित होत होते. पहिले काही दिवस बहुतेक जण दाराजवळ झोपले, चपला उशाला घेऊन. जणू कोणत्याही क्षणी उठवतील. मग हळूहळू अंथरुणं आत सरकली. तीन नंबरच्या म्हाताऱ्यानं भिंतीला खिळा ठोकून सदरा अडकवला आणि मला तो खिळा दोनदा दाखवला. सात नंबरमध्ये मारोती होता, दुपारीच झिंगलेला, बरोबर पिवळं कुत्रं. कोणत्याच निवाऱ्यानं त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. त्यानं महिन्याभरानं दिलीपरावांना स्वतःहून विचारलं, "ती सुटायची गोळी असती म्हणं, खरं हाय का?" मी हे सगळं लिहीत होते. माझं मत बदलत होतं. हे चालतं, याची मला डोळ्यांदेखत खात्री पटत होती.

आणि डिसेंबरात मारोतीची बहीण परळीहून आली. भाऊ आता घर करून राहतोय, शुद्धीवर असतो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती त्याला कुत्र्यासकट घेऊन गेली. जाताना त्यानं किल्ली दिलीपरावांच्या हातात दिली आणि रडला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, दिलीपराव माझ्या घरी आले. दारातूनच म्हणाले, "मॅडम, सात नंबर मोकळी झाली. वातीवाल्या बाईला देऊन टाकू का? थंडी लई वाढलीय."

मी हुरड्याला निघाले होते. केस धुतलेले, अंगावर नवा स्वेटर. मी म्हणाले, "नको. त्या दुसऱ्या गटात आहेत."

"मग कुणा तिसऱ्याला देऊ?"

"तसं केलं तर पुण्याचे विचारतील, यादीतल्यांना डावलून बाहेरच्याला का दिली. फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद ठेवा. थोडेच दिवस आहेत. अहवाल नीट झाला तर दहा गिरजाबाईंना खोल्या मिळतील, दिलीपराव."

एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर जसे खिडकीबाहेर बघतात, तसे त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "तुमी शिकलेल्या आहात," म्हणाले आणि गेले.

मी खोटं बोलले नव्हते. अहवालावर खरंच खोल्या अवलंबून होत्या. पण तेवढंच कारण नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पुण्यात हा अभ्यास मांडायला मला बोलावणार होते. माझा आराखडा स्वच्छ राहावा, कुणी बोट ठेवू नये, असं मला वाटत होतं. गिरजाबाईंची थंडी आणि माझी ही हौस मी एकाच वाक्यात गुंडाळली, आणि वर दहा जणींचं भलं ठेवलं. त्या दिवशी शेतात मी भरपूर हुरडा खाल्ला. आगटीजवळ बसून सगळ्यांना अभ्यासाच्या गमती सांगितल्या. "दुपारी मी सगळ्यांना दिसते" हे उत्तरही सांगितलं. सगळे वा म्हणाले. परत येताना धुराचा वास ओढणीत बसला होता, आणि माझी गाडी त्या बंद दुकानावरूनच गेली. ओट्यावर गिरजाबाई शेंगांची टरफलं आणि पुठ्ठे गोळा करून विस्तवाची तयारी करत होत्या. मी हात केला. त्यांनीही केला.

जिनिंगवरून जाताना सात नंबरचं कुलूप दिसायचं. साधं, पितळी कुलूप. मी मान वळवायची नाही असं ठरवायची आणि वळवायची.

जानेवारीच्या फेरीला गेले तर ओट्यावर गिरजाबाई नव्हत्या. फरशीवर एक काळा डाग होता आणि जळलेल्या कापडाचा वास. टपरीवाला म्हणाला, "म्हातारी भाजली की परवा. विस्तवाला लई जवळ झोपली, पदर पेटला. हातानंच इजवत बसली."

मी दवाखान्यात गेले. दुपार होती, वॉर्डात ऊन आलं होतं. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, मानेवर मलम. मला बघून त्या उठायला लागल्या. "बाई, तुमी कशाला आलात इतक्या लांब? माझा नंबर आला वाटतं आज. कागद आणलाय का?"

कागद पिशवीत होता. मी नाही म्हणू शकले असते. आज राहू दे, म्हणू शकले असते. पण फेरीची मुदत त्या आठवड्यात संपत होती. मी स्टूल ओढलं, कागद काढला आणि विचारायला लागले. किती रात्री उघड्यावर झोपलात? पोटभर जेवण किती दिवस? त्या थांबून थांबून उत्तरं देत होत्या. शेवटून तिसरा प्रश्न होता, गेल्या तीस दिवसांत दवाखान्यात दाखल व्हावं लागलं का? मी तो वाचला. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी 'होय'समोर खूण केली.

बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले. पिशवीतून फोन काढला. तरीही मी दिलीपरावांना फोन केला नाही.

किल्ली त्यांनी आपणहून दिली. गिरजाबाईंना दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी ते रिक्षा घेऊन गेले आणि त्यांना थेट सात नंबरमध्ये नेलं. मला संध्याकाळी सांगितलं, "बाईला खोलीत ठेवलंय. तुमच्या तक्त्याचं काय करायचं ते तुमी बघा." पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

तक्त्याचं मी नीट बघितलं. अखेरची फेरी जवळ आली होती, म्हणून गिरजाबाई दुसऱ्या गटातच राहिल्या, खाली बारीक अक्षरात टीप टाकली. अहवाल उत्तम झाला. खोली मिळालेल्यांना दवाखान्यात कमी जावं लागतं, न मिळालेल्यांना जास्त, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. गिरजाबाईंचा भाजलेला हात माझ्या निष्कर्षाच्या बाजूनं उभा होता. डिसेंबरात त्यांना खोली दिली असती तर ती ओळ तितकी ठळक आली नसती. हे मी कुठंही लिहिलं नाही. एक खोली महिन्याहून जास्त कुलूपबंद होती हेही लिहिलं नाही.

पुण्याची मंडळी खूश झाली. आणखी दोन गावांत खोल्या घेतल्या गेल्या. तिथं आज माणसं राहतात, मी जाऊन बघून आलेय, आणि ते चांगलंच झालंय. जिनिंगच्या आवारात सत्कार झाला. मला शाल दिली. समोर खोल्यांतली माणसं बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरजाबाईंच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती, तळवा उघडत नव्हता. त्या डाव्या हातानं मांडीवर थापा मारत होत्या, हसत, माझ्याकडे बघत.

यानंतर तीन हिवाळे गेले. अपराध जुना झाला की बोथट होईल, असं मला वाटायचं. तसं झालं नाही. वर्गात मी संशोधनातली नीतिमत्ता शिकवते. फळ्यावर 'सहभागी व्यक्तीचं हित सर्वप्रथम' असं लिहिते आणि खडू खाली ठेवते. मुलं वहीत उतरवून घेतात. त्यांच्याकडे पाठ असते तेवढा वेळ मला बरं वाटतं.

या वर्षी सरांना सर्दीचं सांगितलं आणि त्याच दुपारी मी जिनिंगकडे गेले.

गिरजाबाई खोलीत होत्या. भिंतीला निळा रंग, कोपऱ्यात गॅसची लहान शेगडी, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. आता वाती पाच नंबरमधली बाई वळते, त्या फक्त विकतात. मला बघून त्यांनी सतरंजी झटकली. "बसा बाई. लई दिसांनी. कागद आणला का?"

"नाही. तुम्हाला एक सांगायचंय."

मी सांगितलं. काही वगळलं नाही. मारोती गेला ते, दिलीपराव दारात येऊन काय म्हणाले ते, मी काय उत्तर दिलं ते. हीच खोली, हेच दार; तुम्ही भाजलात तेव्हा ही महिनाभरापासून रिकामी होती. मला माहीत होतं. मीच देऊ दिली नाही.

त्यांना नीट कळलं नसावं असं आधी वाटलं. त्यांनी खोलीकडे नजर फिरवली, छतापासून जमिनीपर्यंत. "हीच?"

"हीच."

"कुलूप व्हतं?"

"होतं."

आखडलेला हात त्यांनी पदराखाली घेतला. "तुमी दर म्हैन्याला यायच्या. च्या पाजायच्या. शेजारी बसायच्या. ओट्यावर कुणी बसतंय व्हय माझ्यासंग? मी पाच नंबरवालीला सांगायची, ह्या बाईचा माझ्यावर जीव हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते बी कागदातलंच व्हतं का?"

मी म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "मला माहीत नाही." दुसरं उत्तर खरं होतं.

मी क्षमा मागितली. त्यासाठी मनात तयार केलेली वाक्यं निम्मी आठवली नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. गुडघ्यावर डावा हात टेकून उठल्या आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आता तुमी जा," त्या म्हणाल्या. "मला जरा पडायचं हाय."

मी चपला घातल्या. पायरी उतरून वळले, तर त्या दाराची फळी डाव्या हातानं ढकलत होत्या. दार जरा फुगलेलं होतं, त्यांनी खांदा लावला. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आवारात ऊन स्वच्छ होतं. शेजारच्या ओट्यावर तीन नंबरचा म्हातारा दाढी करत होता, त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं मॅडम? वाजवू का दार?"

"नको," मी म्हणाले. "त्यांचं घर आहे."